दर तिसऱ्या अमावास्येला ऑइल

त्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर तिसऱ्या अमावास्येभोवती निळ्या पेनाचा गोल असायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, घरात कुणीतरी मोठं व्रत धरलंय. एका पाहुणीनं तर विचारलंच, "कसला उपास करतीस गं?" मी म्हटलं, "उपास माझा न्हाय, पिकअपचा हाय." तिला काही कळलं नाही आणि मीही समजावत बसले नाही. ते गोल ऑइल बदलायचे होते.

आमचं घर कबनूरचं. घराला लागून यंत्रमागांची शेड आणि शेडच्या दारात डिझेलची पिकअप. सुताची पोती आणायची, कापडाचे तागे पोचवायचे, ही तिची कामं. सासरे, म्हणजे आप्पा, मूळचे शेतकरी. अमावास्येला औत जुंपायचं नाही ही त्यांच्या वाडवडिलांची रीत. शेती कमी झाली, माग आले, पण रीत गेली नाही. त्या दिवशी आमच्या शेडचे माग बंद. खडखडाट थांबला की मागांना तेलपाणी, शेडची झाडलोट, आणि पिकअपला आंघोळ अन् नवं लिंबू-मिरची. गाडी नाहीतरी उभीच असते, तर ऑइलही त्याच दिवशी बदलू, ही अक्कल माझी. किलोमीटर बघून बदलावं म्हटलं तर मीटरचे आकडे कधीचे एका जागी थिजलेले. ते नीट करा म्हटलं की घरातले पुरुष म्हणायचे, "रस्ता पाठ हाय की, मीटर कशाला?"

ही पिकअप माझ्या हातात आली ती एका वाईट दिवसामुळं. त्याच्या आधी माझे मिस्टर ती चालवायचे. एका संध्याकाळी ते आणि आप्पा कोल्हापूरहून परत येत होते. हातकणंगल्याच्या अलीकडं इंजिननं आचका दिला आणि जाम झालं. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून आणावी लागली. मिस्त्रीनं इंजिन उघडलं तर तळाशी ऑइल कसलं, डांबर. आमच्या मिस्टरांची सवयच तशी. ऑइल बदलायचं नाही, कमी झालं की वरून घालायचं. विरजणाचं भांडं वर्षानुवर्षं न धुता दूध ओतत राहावं तसं. सगळ्या गल्लीनं त्यांना बोल लावले. त्यात सगळ्यात लांब जीभ माझी होती. जेवताना, झोपताना, पाहुण्यांदेखत मी त्यांना टोचत राहिले. त्यांनी एका शब्दानं उत्तर दिलं नाही. फक्त पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. दिवसभर मागांमध्ये असायचे, गाडीच्या बाजूला फिरकायचेसुद्धा नाहीत.

इंजिनचं काम झालं आणि आप्पांनी गाडी विकायची ठरवली. मी आडवी गेले. लायसन्स मी हौसेनं काढलेलं होतं, ते कपाटात पडून होतं. गाडी मी चालवते, शाहूवाडीकडचा तांदूळ कोल्हापुरात शाहूपुरीतल्या दुकानांना पोचवायचं काम मिळतंय, मागांचा धंदा पूर्वीसारखा राहिला नाही, अशी कारणं मी एकामागून एक सांगितली. सगळी खरी होती. पण सगळ्यात खरं कारण सांगितलं नाही. मला ती गाडी हवी होती. त्या केबिनमध्ये बसल्यावर "चहा टाक गं" म्हणून हाक मारणारं कुणी नव्हतं. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि मला पहिल्यांदाच माझी अशी एक खुर्ची मिळत होती.

आप्पांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "ह्या दिवाळीपासनं फुडच्या दिवाळीपतोर. तेवढ्यात एकदा जरी रस्त्यात हुबी ऱ्हायली, तर इकायची. मग रडायचं न्हाय."

"न्हाय रडणार," मी म्हटलं.

म्हणून ते निळे गोल. मी शपथच घेतली होती की गाडी बंद पडली तर ऑइलपायी तरी पडणार नाही.

सुरुवातीचे महिने मजेत गेले. शाहूपुरीत पहिल्यांदा पोती घेऊन गेले तेव्हा हमालानं केबिनमध्ये डोकावून विचारलं, "डायव्हर कुठं गेला?" मी म्हटलं, "तुमच्या फुडं बसलाय की, पावणं." तो इतका हसला की पहिलं पोतं त्याच्या हातून निसटलं. पुढं तोच मला लांबून बघून जागा करून द्यायला लागला.

ऑइल बदलायला मी कोल्हापुरात उद्यमनगरला जायची. अमावास्येला मला सुट्टी, पण तिथल्या गॅरेजांना नाही, त्यामुळं बरं जमायचं. तिथं एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. आमचं जाम झालेलं इंजिन त्यांनीच उघडून नीट केलेलं. तर एकदा ऑइल बदलून आणल्यावर पाचव्या दिवशी मी ऑइल मापायची पट्टी ओढून बघितली. ऑइल काळंकुट्ट. नवं ऑइल डब्यातून ओतताना मी डोळ्यांनी बघितलं होतं, मधासारखं. आणि पाच दिवसांत हे! माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी तांदूळ उतरवून मी तशीच उद्यमनगरला गेले, ऑइलची पट्टी उपसली आणि ती तलवारीसारखी हातात धरून गॅरेजमध्ये शिरले. चार-पाच गिऱ्हाइकं बसलेली होती.

"चाचा, जुनं आईल भरलंय तुमी माझ्या गाडीत! बाई हाय म्हणून फसवताय व्हय?"

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला, चिंधीला हात पुसले आणि पट्टी माझ्याकडून घेतली. "वहिनी, डिझेल हाय हे. आईल काळं होणारच की. इंजिनातली काजळी ते आपल्या पोटात घेतंय, म्हणून काळं. पिवळंच ऱ्हायलं असतं तर मी घाबरलो असतो. रंगावर जाऊ नका. बदलून किती किलोमीटर झालं?"

"मीटर बंद हाय."

"मग बदलायचं कधी, ते कसं ठरीवता?"

"दर तिसऱ्या आवसेला."

गॅरेजमधले सगळे एकदम हसले. चाचा हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, गाडीला चंद्र दिसत न्हाय. महिन्याला चार खेपा केल्या काय आन चाळीस केल्या काय, आवस आपली तीच."

बरोबर होतं ते. सुरुवातीला तांदळाची खेप आठवड्याला एक होती, आता चार झाल्या होत्या, आणि माझी अमावास्या मात्र तिसरीच. पण चारचौघांत हसं झालेल्या माणसाला बरोबर काय ते पटत नाही. मी पट्टी हिसकावून घेतली, "तुमच्याकडं परत आलो तर बगा" म्हणाले, आणि गाडी अशी काढली की धूळ त्या सगळ्यांच्या चहात पडली असेल. पुढचे दोन महिने मी चाचांच्या गॅरेजवरून जायचं टाळलं. लांबचा फेरा पडायचा, पण नाक वर होतं.

नाक खाली आलं ते शाहूवाडीला जाताना, बांबवड्याच्या पुढच्या चढावर. गाडी भरलेलीही नव्हती आणि तरी तिला दम लागायला लागला. पाय पूर्ण दाबला तरी वेग नाही, मागं काळा धूर, आणि त्या धुरात सापडलेली एसटी भोंगा वाजवून माझा उद्धार करतेय. दुसऱ्या गिअरवर रडतखडत चढ संपवला. गाडी थांबली नाही, पण सगळा रस्ता मी देवाचं नाव घेत आणि स्वतःला शिव्या देत काढला. घरी कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"चाचा, राग हाय काय अजून?"

"रागाला येळ कुठाय? बॉनेट उघडा."

त्यांनी हवेचा फिल्टर बाहेर काढला आणि वर्तमानपत्रावर आपटला. मातीबरोबर त्यातून कापूस पडला. बारीक, मळकट, सुताचा उडता कापूस, आणि पडतच राहिला. त्या फिल्टरच्या घड्या उशी भरावी तशा भरल्या होत्या. चाचा म्हणाले, "ह्याच्यात तुमच्या एका ताग्याचं सूत निघंल. गाडी कुठं लावता?"

"शेडच्या दारात. सावली असती. आणि सकाळी सुरू करून पाच-दहा मिनिटं गरम हुईस्तोवर तशीच ठेवतो."

सांगता सांगताच माझ्या डोक्यात उजेड पडला. आत माग सुरू, सगळीकडं कापूस उडतोय, आणि त्यात मी गाडीला रोज सकाळी लाडानं श्वास घ्यायला लावतेय. आमच्याकडं मागवाल्यांच्या निम्म्या गाड्या अशाच शेडच्या दारात उभ्या असतात. ज्या कापसानं आम्हाला खोकला येतो तो गाडीलाही येईल, हे कुणाच्या मनात येत नाही.

सीटखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं गाडीचं पुस्तक होतं. ते मी पुढं केलं आणि विचारलं, "मग किती दिवसांनी बदलायचं, ते एकदा सांगून टाका."

चाचांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "ह्यातला आकडा मोकळ्या रस्त्यावरच्या गाडीचा. तुमची कापसात झोपती, घाट चढती, ओझं वाहती. म्हणून पैल्यांदा मीटर नीट करून घ्या. पुस्तकातला आकडा बगा आन त्याच्या निम्म्यावर आईल आन त्याचा फिल्टर, दोनी बदला. नव्या आईलला जुना फिल्टर म्हंजे आंघोळ करून कालचीच कापडं. हवेचा फिल्टर दर आठवड्याला उघडून बगा. डिझेलच्या फिल्टरखाली पाणी साठतं, ते पावसाळ्यात काढत जावा. पाच लिटर आईलचा डबा सीटमागं कायम असू दे. आन येक ध्यानात ठेवा. आईलचा लाल दिवा लागला तर गाडी तिथल्या तिथं बंद करायची. कुणाचं ऐकायचं न्हाय. देवानं सांगितलं तरी न्हाय."

मीटर नीट झालं. गाडी शेडपासून लांब, चिंचेखाली लावायला लागले. आणि ऑइल बदलणं चाचांनी मला स्वतःला शिकवलं. खालचा नट काढून जुनं ऑइल निथळू द्यायचं. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटानं ऑइल लावायचं, फिल्टर हातानंच आवळायचा. आणि जुना फिल्टर काढल्यावर त्याची रिंग त्याच्याबरोबर निघालीय की इंजिनलाच चिकटलीय, ते बघायचं. मी सगळ्याला मान हलवली. शेवटच्या वाक्याला जरा कमी हलवली असावी.

दिवाळीला आठ-दहा दिवस राहिले आणि मीटरचा आकडा भरला. अमावास्या अजून यायची होती. मी पहिल्यांदाच मधल्या वारी, माग सुरू असताना, चिंचेखाली पाट टाकून ऑइल बदलायला बसले. आप्पा काठी टेकत आले. "आवस न्हाय, काय न्हाय, आज मधीच काय काढलंयस?" मी म्हटलं, "गाडीला चंद्र दिसत न्हाय, आप्पा." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू सुनेला उन्हाचा त्रास झालाय. त्यांना उत्तर देण्याच्या ऐटीत मी नवा फिल्टर चढवला, आवळला आणि हात झटकले.

दोन दिवसांनी शाहूवाडीला नवा तांदूळ भरायला निघाले तर आप्पा केबिनमध्ये येऊन बसले. घरासाठी तांदूळ स्वतः बघून घ्यायचा म्हणाले. मला कळत होतं की वर्ष संपत आल्यावर परीक्षा घ्यायला साहेब आलेत. निघताना गाडीखाली ऑइलचे दोन-चार थेंब दिसले. परवा सांडलेलं निथळत असेल, असं म्हणून मी पायानं माती सारली.

तांदूळ भरला, शाहूपुरीत उतरवला. तिथं जरा वेळ गेला. आम्ही जैन, घरात दिवस मावळायच्या आत जेवण होतं. त्यानंतर काही नाही, ते सकाळीच. आप्पांनी तर आयुष्यात हे मोडलेलं नाही. परत निघालो तेव्हा सूर्य अजून उसाच्या वर होता आणि घर गाठून सुखानं जेवता येईल इतका वेळ होता.

रुकडी मागं पडली आणि समोर लाल दिवा लागला.

आधी नुसता लुकलुकला. मग लागूनच राहिला. इंजिनचा आवाज नेहमीचाच होता. घर पंधरा-वीस मिनिटांवर. त्या दोन-चार क्षणांत माझ्या मनात काय काय आलं ते मी खरं सांगते. पहिला विचार आला, आप्पांना दिव्याचं काय कळतंय, चालवत राहू. दुसरा विचार आला, थांबले तर गाडी गेली. वर्षभर जपली आणि आठ दिवसांसाठी गेली. आणि थांबायची वेळ आप्पा शेजारी बसलेले असताना यावी! मग चाचांचा आवाज आठवला. मी गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवली.

"आप्पा, थांबायला लागतंय," एवढंच म्हणाले.

आप्पांनी उसावरच्या सूर्याकडं बघितलं.

बॉनेट उघडलं. फिल्टरच्या खालून ऑइल ओघळत होतं, सगळी बाजू माखलेली. गरम होतं, हात लावायची सोय नव्हती. तशीच थांबले. सूर्य उसाच्या शेंड्याला टेकला, मग उसात उतरला, मग दिसेनासा झाला. आप्पांचं आणि माझं त्या दिवशीचं जेवण हुकलं. शेवटी ओढणी गुंडाळून फिल्टर फिरवून काढला आणि बघते तर दोन रिंगा. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावरच नवा फिल्टर आवळला होता. चूक चाचांची नाही, ऑइलची नाही, अमावास्येचीही नाही. नुसती माझी. नखानं ती जुनी रिंग सोलून काढली, फिल्टर पुन्हा बसवला, सीटमागचा डबा जवळजवळ सगळा ओतला, पट्टीवर माप बघितलं. गाडी सुरू केली. लाल दिवा लागला, आणि मी श्वास घ्यायच्या आत विझला. खाली वाकून बघितलं, एक थेंब गळत नव्हता.

केबिनमध्ये बसले आणि मला रडू आलं. रडायचं नाही असं ठरलं होतं, तरी आलं. मी म्हटलं, "शब्द मोडला आप्पा. चूक माझीच हाय. इका गाडी."

आप्पा समोरच्या काचेतून बघत होते. म्हणाले, "त्या दिवशी बी हा दिवा लागला हुता."

मला कळेना, कोणत्या दिवशी.

"इंजिन बसलं त्या दिवशी. ह्याच रस्त्याला. पोरगा म्हणाला, आप्पा थांबवतो, दिवा लागलाय. मी म्हणलो, चल, दिवस बुडतोय, जेवाण चुकंल. घरी जाऊन काय ते बग. त्यो दोनदा म्हणाला. मी दोनदा न्हाय म्हणलो." त्यांनी काठीवरून हात फिरवला. "गावानं त्याला नावं ठेवली. तू ठेवलीस. त्यानं माझं नाव सांगितलं न्हाय. आन मी बी सांगितलं न्हाय."

माझी ती लांब जीभ, ताटावर बसून दिलेले टोमणे, सगळे एकेक करून आठवले. असं वाटलं, आत्ताच्या आत्ता कबनूरला जाऊन त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावं.

"आज जेवाण चुकलं," आप्पा म्हणाले, "पर इंजिन जित्तं ऱ्हायलं. चल आता. गाडी इकायची न्हाय."

घरी पोचलो तेव्हा मिस्टर शेडच्या दारात उभे होते, काळजीनं तोंड उतरलेलं. आप्पा काठी टेकत उतरले आणि त्यांच्या समोर जाऊन म्हणाले, "त्या दिवसाचं सांगितलं मी हिला. उद्या गल्लीत बी सांगतो." मिस्टर खाली बघत राहिले. मला बोलायचं बरंच होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "मला का सांगितलं न्हाईसा?" ते म्हणाले, "तू विचारलंस कधी? बोलतच हुतीस की." त्यांचं म्हणणं खरंच होतं, आणि ते ऐकून मी हसले आणि रडलेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्टर एकदा चाचांना दाखवून आणावा म्हणून मी गाडीत बसले. किल्ली लावणार, तोच मिस्टर मागांमधून उठून आले. अंगावर, केसांवर कापूस तसाच. ड्रायव्हरच्या दाराशी उभे राहिले. दारावर हात ठेवला. वर्षभरात त्यांनी त्या दाराला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

"येताना मी चालवणार," मी म्हटलं आणि सरकून बाजूच्या सीटवर बसले.